ढेकणाचे बिऱ्हाड

पंचतंत्रात एका राजाच्या शय्यागृहाची कथा आहे. राजाच्या शुभ्र, मऊ बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची एक ऊ पुष्कळ दिवस सुखाने राहात होती. राजाला गाढ झोप लागली म्हणजे ती हळूच आपले पोट भरी, आणि कोणाच्या नजरेस पडत नसे. एके दिवशी अग्निमुख नावाचा एक ढेकूण तेथे येऊन पोहोचला. राजाचे रक्त आजवर चाखिलेले नाही, एकदा तरी चाखू दे, अशी त्याने गयावया केली. ऊ भिडेस पडली. राजाचा डोळा लागण्याची वाट न पाहताच अग्निमुखाने दंश केला, राजा दचकून उठला, सेवक धावले. ढेकूण चपळाईने खाटेच्या फटीत शिरला आणि बचावला. कापडाच्या शिवणीत सापडली ती बिचारी ऊ, आणि प्राणास मुकली.

ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, एवढे राजपुत्रांच्या मनावर बिंबविण्यासाठी विष्णुशर्म्याने ही कथा सांगितली. पण नीतिकथा बाजूस ठेवून तीच गोष्ट कीटकशास्त्राचा पाठ म्हणून वाचली, तर तिच्यातील निरीक्षणाचे नवल वाटते. ढेकूण राजवाड्यात उपजला नव्हता, बाहेरून आला होता. अंथरूण राजाचे, म्हणजे स्वच्छच होते. त्यामुळे त्याचे काही अडले नाही. दंश करून तो कापडात थांबला नाही, लाकडात गेला. सेवकांनी मात्र शोध घेतला तो कापडाचा. आजही अंधेरी, घाटकोपर, बोरिवली किंवा मुलुंड येथील एखाद्या घरात मध्यरात्री दिवा लागतो, चादरी झटकल्या जातात, उशांचे अभ्रे धुवावयास पडतात, आणि अग्निमुख पलंगाच्या खाचेत स्वस्थ बसलेला असतो.

मराठी घरांत ढेकूण येत नाहीत, ते 'होतात'. शेजारच्या बिऱ्हाडात ढेकूण झाले आहेत, असेच म्हणण्याचा प्रघात आहे. बाहेरून आले आहेत, असे सहसा कोणी म्हणत नाही. या एका क्रियापदामागे फार जुने शास्त्र उभे आहे. मनुस्मृतीत प्राण्यांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत डास, उवा, माशा आणि ढेकूण यांची गणना स्वेदजांत केली आहे. म्हणजे उष्म्यातून आणि घामातून ते निपजतात, असा समज. हा समज एकट्या भारतीयांचा होता असेही नव्हे. प्राण्यांच्या अंगातून निघणारा ओलावा बाहेर साकळून त्यापासून ढेकूण उत्पन्न होतात, असे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेविले आहे. १६६८ मध्ये फ्रांचेस्को रेदी या इटालियन वैद्याने कापडाने झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हे प्रयोगाने दाखविले, आणि आपोआप जन्मणाऱ्या किड्यांच्या कल्पनेला पहिला मोठा धक्का बसला. शास्त्रज्ञांच्या मनातून ती कल्पना कालांतराने गेली. घरांतून मात्र ती गेली नाही. स्वेदज म्हटले की घाम आला, घामामागून अस्वच्छता आली, आणि अस्वच्छतेचा ठपका शेवटी घरातल्या बाईवर आला.

वस्तुतः ढेकूण हा अंडज आहे. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, आणि आपल्या पायांनी तो फार दूर जाऊ शकत नाही. मादी दिवसाकाठी एकापासून चार-पाचांपर्यंत अंडी घालते आणि ती खडबडीत लाकडाला किंवा कापडाला चिकटवून ठेविते. मुंबईच्या उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात पिले बाहेर पडतात. मोठे होईपर्यंत पिलाला पाच वेळा कात टाकावी लागते, आणि प्रत्येक वेळी त्यापूर्वी रक्ताचे एक जेवण मिळावेच लागते. जेवण न मिळाले तर तो वाट पाहतो. उष्ण हवेत काही महिने, थंड हवेत त्याहूनही पुष्कळ अधिक. बिछान्यात आढळणाऱ्या ढेकणाला लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिले, आणि उष्ण प्रदेशातील त्याच्या भाऊबंदाला फाब्रिसियसने १८०३ मध्ये दिले. मुंबईच्या हवेस मानवणारी जात प्रामुख्याने ही दुसरी होय. मराठीने दोहोंना एकच नाव ठेविले. चावून घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही.

या प्राण्याचे पहिले घर गुहेत असावे, असा शास्त्रज्ञांचा जुना तर्क आहे. वटवाघळांच्या रक्तावर जगणाऱ्या त्याच्या पूर्वजांपैकी काहींनी त्याच गुहांत आसरा घेणाऱ्या माणसाशी सोयरीक जोडली असावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने तर हे कूळ अकरा कोटी वर्षांहून जुने, म्हणजे खुद्द वटवाघळांच्याही आधीचे ठरविले. गुहांचा विषय निघाला म्हणजे बोरिवलीकरांस कान्हेरी आठवावयाचीच. तेथील शंभराहून अधिक लेण्यांत भिक्षूंच्या खोल्या आहेत, आणि त्यांत बसण्या-निजण्यासाठी कातळातच कोरलेले ओटे आहेत. कातळाच्या ओट्याला सांधा नसतो, चूळ नसते, खिळा नसतो. अग्निमुखाला तेथे बिऱ्हाड करणे कठीणच गेले असते. जेथे लाकडी खाटा होत्या तेथील भिक्षूंसाठी विनयपिटकात नियम आहे: विहार झाडताना खाट दाराला न आपटता हलक्या हाताने बाहेर काढावी, उन्हात तापवावी, झटकावी आणि पुन्हा होती तशी ठेवावी, खाटेच्या पायांखालचे ठोकळेसुद्धा उन्हात घालून पुसावे. खास ढेकणासाठी नियम करावयाचा असता तरी याहून निराळा करता आला नसता.

मुंबईच्या अर्वाचीन गृहस्थितीची हकीकत मात्र प्लेगपासून आरंभावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे पहिले रोगी ओळखले. पाठोपाठ घरांच्या झडत्या सुरू झाल्या. भिंतींना चुना फासण्यात आला, कार्बोलिक ॲसिडचे फवारे मारण्यात आले, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली, अंथरुणे-पांघरुणे जाळण्यात आली. रोग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, ही गोष्ट सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने मांडली, आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत झालेल्या कामाने ती पक्की झाली. तोवर झडतीची दहशत मुंबईकरांच्या मनात पुरती बसली होती. घरातला दोष सरकारला कळला तर घर जाईल, म्हणून लोक रोगी लपवू लागले. घरातील उपद्रव चारचौघांत बोलून न दाखविण्याची जी सवय शहराला जडली, तिला प्लेगच्या त्या वर्षांनी पुष्कळच खतपाणी घातले असावे.

प्लेगने दुसरीही एक गोष्ट केली. शहर सोडून साष्टीत मोकळ्या हवेत राहावयास जावे, हा विचार त्याने मध्यमवर्गात रुजविला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीचे मोहल्ले पाडले आणि नव्या चाळी उठविल्या. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्याच १९२० मध्ये उपनगर जिल्हा निराळा झाला. जानेवारी १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली, आणि मध्य बाजूसही १९३० च्या आत घाटकोपर-मुलुंडवरून कल्याणपर्यंत विजेचे खांब उभे राहिले. गिरगावातला कारकून अंधेरीस राहून कचेरीत वेळेवर पोहोचू लागला. मुलुंडास आखीव रस्ते पडले. पारल्यास, खारला, घाटकोपरास नवे बंगले आणि नव्या चाळी दिसू लागल्या.

त्या बिऱ्हाडांचे सामान डोळ्यांपुढे आणून पाहावे. देव्हारा, पितळी भांडी, पाट, फडताळ, तसबिरी, ट्रंका, सुंभाने विणलेली बाज, आणि दोरीने करकचून बांधलेल्या वळकट्या. नव्या घराच्या भिंती कोऱ्या, चुना नुकता सुकलेला, मोकळी हवा, भोवती माडांची आणि आंब्यांची झाडे. बाज मात्र जुनी. तिच्या सांध्यांत गिरगावचे ढेकूण गिरगावच्याच निर्धास्तपणे बसलेले. नव्या घरी पहिल्या चार-दोन रात्री गडबडीत जात. मग एका सकाळी मुलांच्या हातांवर गांधी उठलेल्या दिसत, आणि मंडळी म्हणत, 'जागा चांगली आहे, पण येथे ढेकूण झालेले दिसतात.' घराच्या नावाने अशी बदनामी होई. खरा दोष वळकटीचा असे.

हा अनुभव मुंबईचाच होता असे नव्हे. लंडनमध्ये जॉन साउथॉल नावाच्या इसमाने १७३० सालीच ढेकणांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले होते. नव्या नोकराची पेटी तपासल्यावाचून घरात घेऊ नये, असा त्यात सल्ला होता. रोख नोकरांवर असला, तरी ढेकूण पेटीतून येतो हे त्याने बरोबर हेरले होते. पुढे १९३० नंतरच्या काळात इंग्लंडातील कित्येक नगरपालिकांनी गलिच्छ वस्त्या पाडून कुटुंबांना नवी घरे दिली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी तोड काढली ती अशी: कुटुंबाचे सामान बंद गाडीत भरावयाचे, विषारी वायूची धुरी द्यावयाची, मग ते मोकळ्या हवेत ठेवावयाचे, आणि त्यानंतरच नव्या घरी पोहोचवावयाचे. जुन्या घराहून नव्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढेकणासाठी उभारलेला हा जकातनाकाच होता. माहीमची खाडी ओलांडून साष्टीत येणाऱ्या बिऱ्हाडांच्या वाटेवर असा नाका नव्हता.

सरकारने वा नगरपालिकेने ढेकणाकडे विशेष लक्ष का दिले नाही, याचे उत्तर रोगांच्या इतिहासात आहे. एक काळ असा होता की, ढेकूण मोठ्या खटल्यातील आरोपी होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये पॅटन या वैद्यकीय संशोधकाला ढेकणाच्या पोटात काळाआजाराच्या जंतूंची वाढ होताना दिसली, आणि या रोगाचा प्रसार ढेकूणच करीत असावा असे मत त्याने हिरिरीने मांडले. कित्येक वर्षे हा वाद चालला. अखेर १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून काळाआजार वाळूमाशीमुळे पसरतो हे निश्चित केले, आणि ढेकूण निर्दोष सुटला. त्यानंतर आजतागायत कोणताही रोग ढेकणामुळे माणसांत पसरतो असे सिद्ध झालेले नाही. खाज, गांधी, जागरण, आणि फारच उपद्रव झाला तर लहान मुलांत रक्ताची कमतरता, एवढ्यावर त्याची मजल थांबते. वैद्यकाच्या दृष्टीने ही सुदैवाची गोष्ट. पण तिचा परिणाम असा झाला की, मोठ्या मोहिमा निघाल्या त्या डासांवर आणि उंदरांवर. ढेकूण ज्याचा त्याने निस्तरावयाचा खासगी मामला ठरला.

आणि खासगी रीतीने तो निस्तरलाही जाई. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर नाही तर अंगणात बाजा उभ्या केल्या जात, सांध्यांत उकळते पाणी ओतले जाई, खाचांतून घासलेट सोडले जाई. गाद्या उलथ्यापालथ्या करून तापविल्या जात. बंद खोलीत गंधकाची धुरी दिली जाई, आणि खाटेचे पाय घासलेट घातलेल्या वाट्यांत ठेवीत. उकळते पाणी हा यांतला खरा उपाय. कारण साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही लवकरच मरतात. नुसत्या उन्हाची गोष्ट तितकी खात्रीची नाही. गादीची वरची बाजू तापली की, ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. पावसाळ्याचे चार महिने तर मुंबईत हा उपायही बंद. घासलेटाने आगी लागण्याचे भय असे ते निराळेच.

याच सुमारास डी.डी.टी. आले. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडातील पाउल म्यूलर यांनी त्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला, आणि १९४८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत हिवतापाविरुद्ध घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचे काम महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाले, आणि १९५३ पासून ते देशव्यापी कार्यक्रमाचे अंग बनले. फवारा डासांसाठी होता. पण भिंतीच्या भेगांत बसलेल्या ढेकणांनाही तो लागला, आणि घरोघर लोकांना पहिल्यांदा निवांत झोप मिळाली. हिवताप कमी झाला की नाही हे आकड्यांवरून कळावयाचे. ढेकूण गेले हे त्याच रात्री कळे. अनेक देशांत फवारणाऱ्यांचे जे स्वागत झाले, त्यात ढेकणांच्या निर्वाणाचा वाटा मोठा होता.

हे सुख टिकले नाही. १९४७ मध्येच हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे नाविकांच्या बराकीत डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले, आणि पन्नाशीच्या दशकात भारतातही तेच झाले. विषाने दुर्बळ मेले, जे तगले त्यांची प्रजा वाढली. त्यातून डी.डी.टी.मुळे बेचैन झालेले ढेकूण लपण्याच्या जागा सोडून हिंडू लागतात. म्हणून फवारा मारल्याने ढेकूण वाढले, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येऊ लागली. ज्यांनी कौतुकाने दारे उघडली होती त्यांनीच फवारणाऱ्यांसाठी ती लावून घेतली. हिवतापाच्या मोहिमेला या यःकश्चित् किड्याने घातलेला हा अडथळा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात नमूद आहे. त्यानंतर जी जी नवी द्रव्ये बाजारात आली, त्यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच झाली. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनाही जगातील पुष्कळ ठिकाणचे ढेकूण आता पुरते सरावले आहेत. १९९० नंतर न्यूयॉर्क, लंडन, सिडनी या शहरांत ढेकूण पुन्हा दिसू लागले, आणि २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये त्यांचा एवढा गवगवा झाला की, जणू ते प्रथमच भूतलावर अवतरले होते. मुंबईकराला या बातम्यांचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

इकडे बिऱ्हाडे हलतच राहिली होती. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड बृहन्मुंबईत आले. मग १९८२ च्या गिरणी संपाने परळ-लालबागचा संसार विस्कटला. गिरगाव-दादरच्या खोल्यांना किंमत आली. आणि मराठी कुटुंबे एकामागून एक खोली सोडून बोरिवली, दहिसर, मुलुंड, डोंबिवलीकडे निघाली. चाळीतल्या एका खोलीतून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या सदनिकेत येणे म्हणजे त्या पिढीचा केवढा विजय! पण टेंपोत चढले ते सामान आई-वडिलांच्या हातचेच होते: लोखंडी कॉट, सागवानी कपाट, दिवाण. ते टाकवत नसे, आणि टाकावे तरी का? जेथे हे सामान निर्दोष होते तेथे काही झाले नाही. जेथे नव्हते तेथे नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर अग्निमुख उतरला, आणि पाण्याच्या नळांच्या, विजेच्या तारांच्या भोकांतून हळूहळू शेजाऱ्याकडे गेला. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही मोठ्या इमारतींतील ढेकणांची जनुके तपासली, तेव्हा इमारतभर पसरलेले ढेकूण बहुधा एक-दोनच आगंतुकांचे वंशज आहेत, असे आढळून आले. एक पोटुशी मादी एवढे भांडवल पुरते.

स्वेदज म्हणणाऱ्या पूर्वजांची सर्वस्वी चूक होती असेही नाही. शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये एका खोलीत धुतलेले आणि अंगावर वापरलेले अशा दोन्ही प्रकारच्या कपड्यांच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. ढेकूण वापरलेल्या कपड्यांकडे दुपटीने गेले. घामातून तो जन्मत नाही, पण माणसाच्या अंगच्या वासाकडे ओढला जातो. तो वास राजालाही असतो आणि हमालालाही. प्रवासात उतरल्या जागी रात्रीचे उतरलेले कपडे जमिनीवर पडले की, ढेकूण त्यांत शिरतो आणि त्यांच्याबरोबर ट्रंकेतून घरी येतो. आगगाडीचे बाक, धर्मशाळा, वसतिगृह, चित्रपटगृहातील खुर्ची, कोणतीही जागा त्याला चालते. ओशिवऱ्याच्या बाजारात जुने लाकडी सामान घेणाऱ्याला तर वर्षानुवर्षांच्या अज्ञात शयनगृहांचा वारसा मिळण्याचा संभव असतो.

म्हणून बंदोबस्त करावयाचा तो उंबरठ्यावर. गावाहून आलेली पेटी पलंगावर न ठेवता गॅलरीत उघडावी आणि आतील कपडे न घातलेलेसुद्धा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावे. गरम पाणी न सोसणारी वस्तू काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ऐन उन्हात ठेवावी. उघड्यावर मिळत नाही एवढी उष्णता पिशवीत साठते. जुना पलंग विकत घ्यावयाचा झाल्यास त्याचे खिळे-मळसूत्रे सैल करून सांधे उजेडात पाहावे. मोहरीहून लहान काळे ठिपके, फिकट पिवळ्या काती किंवा पांढुरकी अंडी दिसली तर, सौदा कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा. भिंतीचे पोपडे, खिळ्यांची भोके, पलंगाच्या डोक्याशी टांगलेल्या तसबिरींच्या मागची बाजू, यांकडे चादरींच्या आधी लक्ष पुरवावे. खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. पण तिच्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. पाश्चात्त्य देशांतला ढेकूण गुळगुळीत भांड्यातून वर चढू शकत नाही, म्हणून तिकडे कोरड्या वाट्यांचे सापळे वापरतात. उष्ण प्रदेशातील जातीच्या पायांवर अधिक दाट केस असतात आणि तिला गुळगुळीत भिंतही चढून जाता येते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. मुंबईत वाटी कोरडी ठेवून भागत नाही. तिच्यात साबणाचे पाणी असावे लागते.

विषांच्या बाबतीत एक धोका तर स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. धान्याच्या कोठारांत घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक ढेकणांसाठी राहत्या घरात ठेवितात. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो आणि भिंतीच्या फटींतून तो शेजारच्या खोलीत निजलेल्या मुलांपर्यंत पोहोचतो. ढेकूण ज्या भोकातून जातो त्याच भोकातून हा वायूही जातो.

त्या भोकामुळेच एकट्या घराने केलेला बंदोबस्त फार दिवस पुरत नाही. एका सदनिकेत फवारा मारला म्हणजे वाचलेले ढेकूण भिंतीपलीकडे सरकतात, आणि पलीकडचे कुटुंब आपल्याकडे ढेकूण 'झाले' म्हणून महिनोन्महिने गप्प राहते. दोन्ही घरे एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत असतात, आणि जिन्यात भेट झाली म्हणजे हवापाण्याचे बोलतात. खरे पाहता ज्या घरात प्रथम आढळेल त्याने डाव्या-उजव्या, वरच्या आणि खालच्या, अशा चौघा शेजाऱ्यांना त्याच दिवशी सांगावे, आणि पाचही घरांची तपासणी एकाच वेळी व्हावी. औषध बहुधा अंड्यांना लागत नाही. त्यामुळे पहिल्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या सुमारास, नव्याने निघालेली पिले अंडी घालण्याइतकी मोठी होण्यापूर्वी, दुसरी फवारणी करावीच लागते. आणि त्या दिवशीही ती पाचही दारे उघडी असावी लागतात.